दिशा नसलेली घाई

समजा, हृदयाने काम सोडलं आणि तरीही शरीरातला बाकीचा संसार चालू राहिला. रक्त जागच्या जागी थबकलेलं आहे. फुप्फुसात नुकताच शिरलेला ऑक्सिजनचा एक रेणू आता स्वतःच्या हिमतीवर पायाच्या अंगठ्याकडे निघाला आहे. अंतर सव्वा मीटरच्या थोडं वर. शरीराच्या तापमानाला ऑक्सिजनच्या रेणूचा सरासरी वेग असतो सेकंदाला सुमारे ४९० मीटर, म्हणजे तासाला साडेसतराशे किलोमीटर. त्या वेगाने तो सरळ गेला तर तीन हजारांश सेकंदाच्या आत अंगठ्यापाशी हवा. प्रत्यक्षात लागतील सुमारे तेरा वर्षं.

एवढा वेळ जातो कुठे? पाण्यात रेणूला मोकळी वाट नसतेच. सगळ्या बाजूंनी पाण्याचे रेणू खेटून उभे, आणि तेही तितक्याच धांदलीत. सेकंदाला लाखो कोटी धक्के बसतात. पुढचं पाऊल कुठे पडेल याचा मागच्या पावलाशी काही संबंध उरत नाही. अशा चालीचा हिशेब सोपा आहे आणि निर्दयही: शंभर पावलं टाकली की निघाल्या जागेपासून सरासरी दहा पावलांचं अंतर पडतं, दहा हजार टाकली की शंभर पावलांचं. दहापट लांब जायचं तर शंभरपट वेळ मोजायचा. विसरण ते हेच. शाळेत आपण ‘जास्त संहतीकडून कमी संहतीकडे’ असं घोकलं, त्यामुळे उगाच वाटत राहतं की रेणूला गर्दी कळते आणि तो तिथून काढता पाय घेतो. रेणूला काहीही कळत नाही. जिथे जास्त आहेत तिथून जास्त निघतात, जिथे कमी आहेत तिथून कमी.

ऑक्सिजनपुरते आकडे मांडून पाहू. एक पेशी ओलांडायला, म्हणजे १० मायक्रॉन जायला, सेकंदाचा चाळिसावा भाग. १०० मायक्रॉनला अडीच सेकंद. १ मिलिमीटरला चार मिनिटं. १ सेंटिमीटरला सात तास. १ मीटरला आठ वर्षं. उलट दिशेने गेलं तर अंतराचा हाच वर्ग मेहेरबान होतो. दोन चेतापेशींच्या सांध्यात जी फट असते ती सुमारे २० नॅनोमीटरची, आणि ती ओलांडायला निरोप्या रेणूला एक दशलक्षांश सेकंदही लागत नाही. तिथे पंप नको, वाहन नको, इंधन नको.

रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ साली परागकणांतून बाहेर पडलेले बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना पाहिले. अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये उष्णतेच्या वहनाचं गणित उसनं घेऊन विसरणाचा नियम लिहिला. या दोन गोष्टींचं नातं जोडून अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो हे दाखवलं आइन्स्टाइन यांनी, १९०५ साली. झाँ पेरँ यांनी ते प्रयोगाने पडताळलं आणि अणू खरोखर असतात याबद्दलची शेवटची शंकाही फिटली.

रेणू मोठा असला की गोष्ट आणखी बिघडते. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी चेतापेशी ही एकच पेशी आहे आणि तिचा तंतू मीटरभर लांब असू शकतो. तिची प्रथिनं बनतात कण्याजवळच्या टोकाला. ती विसरणावर सोडली तर दुसऱ्या टोकाला पोचायला काही शतकं लागतील, कदाचित हजार वर्षंही. म्हणून त्या तंतूत मालवाहतूक आहे: कायनेसिन नावाचं प्रथिन पाठीवर ओझं घेऊन, ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत, दिवसाला ४० सेंटिमीटरपर्यंत जातं. मीटरभर प्रवास अडीच-तीन दिवसांत संपतो. इंधन मात्र जळतं.

शरीराची सारी रचना या वर्गाला टाळण्यासाठी झाली आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती थोडीच होईल. लांबचं अंतर हृदयाने कापायचं, शेवटचा बारकासा टप्पा विसरणाने. बहुतेक पेशींपासून एखादी केशवाहिनी १०० मायक्रॉनच्या आतच असते. या केशवाहिन्यांचा अभ्यास करणाऱ्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० साली नोबेल मिळालं. ‘माणसाच्या रक्तवाहिन्या जोडल्या तर एक लाख किलोमीटर भरतील’ हा जो आकडा पाठ्यपुस्तकांतून आणि प्रश्नमंजूषांतून फिरतो, त्याचं मूळही त्यांच्याच अंदाजात आहे. तो त्यांनी ५० किलो नुसते स्नायू असलेला धिप्पाड माणूस गृहीत धरून काढला होता. अलीकडच्या मोजणीत ही लांबी ९ ते १९ हजार किलोमीटरच्या दरम्यान येते. लाखाचा आकडा कुणाला सोडवत नाही हे समजू शकतं, पण नऊ हजार किलोमीटर ही काय कमी गोष्ट आहे?

फुप्फुसातही हीच युक्ती. तिथे सुमारे ४८ कोटी वायुकोश आहेत, त्यांचं पृष्ठफळ जेमतेम गुंठाभर, आणि हवा व रक्त यांच्यामधली भिंत एक मायक्रॉनहूनही पातळ. तांबडी पेशी या भिंतीला लागून पाऊण सेकंद असते. तिच्यात सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू, प्रत्येकाला ऑक्सिजनच्या चार जागा, म्हणजे शंभर कोटींवर प्रवाशांची सोय. रिकाम्या जागा पाव सेकंदातच भरलेल्या असतात. उरलेला अर्धा सेकंद शिल्लक, जिना चढताना किंवा धावताना रक्त वेगाने पळू लागलं की कामी येणारा.

आता पेशीच्या दाराशी येऊ. पेशीभोवतीचं तेलकट पटल अवघं ५ नॅनोमीटर जाडीचं. असे सोळा हजार थर एकावर एक रचले तर एका केसाची जाडी होईल. हे पटल मेदरेणूंच्या दोन थरांचं असतं, हे पहिल्यांदा सांगितलं लायडनच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी, १९२५ साली. त्यांनी माणूस, कुत्रा, ससा, मेंढी अशा अनेकांच्या तांबड्या पेशी घेतल्या, अॅसिटोनने त्यातला मेद काढला, पाण्यावर एक रेणू जाडीचा थर होईल असा पसरला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट भरलं. म्हणजे दोन थर! निष्कर्ष शंभर टक्के बरोबर, फक्त मोजमापं दोन्ही चुकलेली. अॅसिटोनने सगळा मेद निघालाच नव्हता, पाव हिस्सा तरी मागे राहिला होता. आणि पेशी सुकवून मोजल्यामुळे त्यांचं पृष्ठफळही तितक्याच प्रमाणात कमी धरलं गेलं होतं. एका चुकीने दुसरीला सांभाळून घेतलं. विज्ञानाच्या इतिहासात नशिबाला इतकं श्रेय क्वचितच मिळालं असेल.

हे पटल भिंतीसारखं स्थिर नाही, तेलासारखं वाहतं. १ चौरस मायक्रॉनच्या तुकड्यात सुमारे ५० लाख मेदरेणू असतात आणि प्रत्येक जण शेजाऱ्याशी सेकंदाला जवळजवळ एक कोटी वेळा जागा बदलतो. त्याच रेणूला या थरातून त्या थरात कोलांटी मारायची असेल तर मात्र महिन्यातून एकदाही ते जमत नाही. आडवं कोटी वेळा सेकंदाला, उभं महिन्यात एकदाही नाही. कारण डोकं पाण्याला लोभावणारं आणि शेपटी पाण्याला घाबरणारी. कोलांटी मारायची तर डोक्याला तेलातून जावं लागतं.

तेलातून जाण्याचा हाच प्रश्न बाहेरच्यांनाही पडतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज आरपार जातात. पाण्याचा रेणू लहान असल्याने कसाबसा निसटतो. मिठातला सोडियम आयन आकाराने पाण्याच्या रेणूहून मोठा नाही, पण त्याच्यावर विद्युतभार आहे आणि त्याने पाण्याचे रेणू अंगाला चिकटवून घेतलेले असतात. नुसत्या मेदपटलातून पाणी जितकं जातं, त्याच्या शंभर कोटींव्या भागाइतकाही सोडियम जात नाही. परासरणाचा सगळा खेळ या एका भेदावर उभा आहे: पाण्याला दार उघडं, मिठाला बंद.

पण तांबड्या पेशीत आणि मूत्रपिंडात पाणी ‘कसंबसं’ जात नाही, धो धो जातं. हे कसं, याचं उत्तर बरीच वर्षं हाती नव्हतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर आग्रे ऱ्हीसस रक्तगटाचं प्रथिन शोधत होते आणि त्यांच्या नमुन्यात एक नको असलेलं, लहानसं प्रथिन सारखं येत राहिलं. तांबड्या पेशीत त्याच्या सुमारे दोन लाख प्रती निघाल्या. इतक्या संख्येने असलेली गोष्ट बिनकामाची कशी असेल? बेडकाची अंडी गोड्या पाण्यात खुशाल पडून राहतात, फुगत नाहीत. आग्रे यांच्या गटाने झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत हे प्रथिन बनवण्याची सूचना टोचली आणि त्या पातळ पाण्यात सोडल्या. काही मिनिटांत त्या फुगून फुटल्या. १९९२ साली हे प्रसिद्ध झालं. त्या प्रथिनाचं नाव अॅक्वापोरिन. २००३ मध्ये आग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अॅक्वापोरिनची नळी सर्वांत अरुंद जागी ०.२८ नॅनोमीटर रुंद आहे, पाण्याच्या एका रेणूला अंग चोरून जाता येईल इतकीच. तरी एका नळीतून सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू जातात, एकामागोमाग एक, रांगेत. अशा दोन लाख नळ्या म्हणजे एका पेशीच्या पटलातून सेकंदाला सहा कोटी कोटी रेणू जाण्याची सोय. त्या पेशीत एका वेळी पाण्याचे रेणू असतात सुमारे दोन लाख कोटी. शरीरशास्त्राची पुस्तकं सांगतात की तांबड्या पेशीतून दर सेकंदाला तिच्या घनफळाच्या शंभरपट पाणी आत येतं आणि शंभरपट बाहेर जातं. ही एका पेशीची गोष्ट. प्रौढ माणसात अशा सुमारे २५ लाख कोटी पेशी असतात आणि त्यांच्या पटलांचं एकूण क्षेत्रफळ भरतं पस्तीस गुंठे.

इतकी उलथापालथ चालू असूनही पेशी फुगत नाही, सुरकुतत नाही, कारण येणं आणि जाणं तंतोतंत सारखं आहे. बाहेर थोडी जास्त विरघळलेली द्रव्यं असली की तिकडून आत येणारं पाणी जरासं कमी पडतं आणि पेशी आक्रसते. बाहेर कमी असली की फुगते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी घालतात ते यासाठीच. परासरण म्हणजे या दोन प्रचंड ओघांमधला किरकोळ फरक.

किरकोळ फरकाची ताकद मात्र किरकोळ नसते. १८८०च्या दशकात व्हान्ट हॉफ यांनी दाखवलं की विरघळलेले कण जणू वायूचे रेणू आहेत असं धरून या फरकातून येणारा परासरण दाब काढता येतो. पहिलं रसायनशास्त्राचं नोबेल, १९०१ सालचं, त्यांचंच. आपल्या रक्तात लिटरमागे सुमारे २९० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांच्या संख्येचं हे माप) द्रव्यं विरघळलेली असतात. शुद्ध पाण्याच्या तुलनेत त्यांचा परासरण दाब सात वातावरणांहून जास्त, म्हणजे ७५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. म्हणून शिरेत कधी नुसतं पाणी चढवत नाहीत. सलाइनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं, रक्ताशी बरोबरी साधणारं. शुद्ध पाण्यात पडलेली तांबडी पेशी डोळ्यादेखत फुटते.

समुद्राच्या पाण्याचा हा दाब सुमारे २५ वातावरणं. ठाण्याच्या खाडीत किंवा कोकणच्या किनाऱ्यावर चिखलात उभ्या असलेल्या तिवराला त्या खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी ओढून काढायचं असतं, तेही मोटर न लावता. पर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली खारफुटीच्या फांद्या दाबकक्षात घालून मोजलं, तेव्हा आतल्या रसावर उणे ३५ ते उणे ६० वातावरणांचा ताण सापडला. पानांतून बाष्प होणारं पाणी खालच्या रसाला इतकं ताणतं की समुद्राचा दाबही हरतो, आणि मुळांची पटलं नव्वद टक्क्यांहून जास्त मीठ दारातच अडवतात. जे आत येतं ते तिवर पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. पान चाटून पाहिलं तर खारट लागतं.

माझ्या लेखी या दाबाचा सर्वांत धसकावणारा आकडा एका बुरशीच्या नावावर आहे. कोकणात किंवा भंडारा-गोंदियात भाताच्या पानांवर करपा पडतो. त्या बुरशीचा बीजाणू पानावर बसला की घुमटासारखी एक पेशी तयार करतो, व्यास जेमतेम १० मायक्रॉन. तिच्यात ग्लिसरॉल साठत जातं आणि पाणी आपसूक आत शिरत राहतं. भिंतीला मेलॅनिनचं काळं अस्तर असतं, त्यामुळे पाणी येऊ शकतं पण ग्लिसरॉल बाहेर जाऊ शकत नाही. दाब वाढत वाढत ८० वातावरणांपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन असतो. या चाळीसपट दाबाने ती खालच्या बाजूने एक सुळका पानाच्या चिवट कातडीत घुसवते. ट्रायसायक्लॅझोलसारखी औषधं बुरशीला मारत नाहीत, फक्त ते मेलॅनिनचं अस्तर बनू देत नाहीत. अस्तर नाही तर दाब नाही, दाब नाही तर पान शाबूत.

आपल्या पेशींना अशी भिंत नाही. पेशीच्या आत प्रथिनं कोंडलेली असतात, त्यांच्यामागे पाणी येणारच, आणि पेशी फुटणारच. ते टाळण्यासाठी प्रत्येक पेशी सोडियम बाहेर फेकत बसते. १९५७ मध्ये येन्स स्कू यांनी ज्याचा शोध लावला तो सोडियमचा पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. अशा फेऱ्या सेकंदाला शंभरएक. म्हणजे एक पंप सेकंदाला तीनशे सोडियम आयन हलवतो आणि पलीकडची पाण्याची नळी तीनशे कोटी रेणू सोडते. एकास एक कोटी. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तरी या फेकाफेकीत जातो.

या सगळ्याचा सर्वांत मोठा कारखाना मूत्रपिंडात. दोन्ही मिळून सुमारे वीस लाख गाळण्या दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातला पातळ भाग असतो सगळा तीन लिटर, म्हणजे तोच दिवसातून साठ वेळा गाळला जातो. त्या १८० लिटरांबरोबर जवळजवळ दीड किलो मीठही बाहेर पडतं. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळं परत रक्तात आलेलं असतं, आणि लघवी होते दीडएक लिटर. पाण्याला परत आणण्यासाठी वेगळा पंप कुठेच नाही. मीठ पंपाने परत आणायचं आणि पाणी परासरणाने त्याच्या मागे येतं.

आतड्यातही असंच चालतं, आणि तिथे हा हिशेब जिवावर बेतू शकतो. दिवसाला सुमारे नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो: दोन आपण खाल्ला-प्यायलेला, सात शरीरानेच पाझरवलेला. शौचातून जातो शंभर-दोनशे मिलिलिटर. पटकीचं विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर ओतायला लावतं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. रुग्ण तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. पण त्या पेशींत एक दार या विषाला दिसत नाही: ग्लुकोजचा एक रेणू दोन सोडियम बरोबर घेऊन आत जातो, ते दार. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमधल्या परिषदेत ही जोडी मांडली.

१९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमेलगतच्या बनगावला आले आणि पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत चाललेलं. दिलीप महालनबीस तेव्हा कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्सच्याच केंद्रात काम करत होते. त्यांनी याच दाराच्या भरवशावर लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण पिंपांत भरलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. तीसएक टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्या मिश्रणातल्या कणांची मिलिऑस्मोलमध्ये बेरीज करून पाहिली तर ती २९०च्या आसपास येते, रक्ताइतकी.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेचं पाकीट आलं, त्यात ही बेरीज ३११ होती. रक्ताहून एवढीशी जास्त, पण पाणी आत ओढायच्या कामात तीही आडवी येत होती. २००२ मध्ये साखर आणि मीठ कमी करून ती २४५वर आणली गेली. आज औषधाच्या दुकानात मिळणारं २०.५ ग्रॅमचं पाकीट याच सूत्राचं, एक लिटरसाठी. तेच पाकीट ‘जरा कडक’ म्हणून अर्ध्या लिटरात विरघळवलं तर बेरीज होते ४९०, आणि पाणी आतड्यातून रक्तात जाण्याऐवजी रक्तातून आतड्याकडे निघतं.